पाण्यावाचून लेकरू जाता कामा नये

वस्तीत तान्हे लेकरू हगवणीने दगावले की चार माणसे जमतात, त्याला माती देतात आणि "त्याचे आयुष्यच तेवढे होते" असे म्हणून आपापल्या कामाला लागतात. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. दैव आणि नशीब नाकारून ज्या समाजाने आपली वाट बदलली, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. हगवण लागलेले लेकरू बहुतेक वेळा हगवणीने मरत नाही. हगवणीवाटे त्याच्या अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते, ते वेळेवर परत मिळत नाही, अंगात शोष पडतो आणि लेकरू शोषाने मरते. निघून गेलेले पाणी आणि मीठ परत देणे ही मोठ्या इस्पितळाची मिरासदारी नाही. ते काम वाटी-चमच्याने घरात सुरू करता येते. म्हणून अशा मृत्यूला आयुष्य संपणे म्हणायचे की आपले सर्वांचे कर्तव्य चुकणे म्हणायचे, याचा विचार समाजाने करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

शिंदखेडा तालुका अवर्षणाचा. उत्तरेला तापी वाहते, सुलवाड्याला बॅरेज बांधून झाले, पण बुराईचे पात्र उन्हाळ्यात कोरडे आणि गावोगावच्या हंड्यांची रांग काही संपत नाही. अशा मुलखात लेकरांच्या हगवणीचे दोन हंगाम असतात. पाणी आटले की मिळेल ते पाणी भरून दिवसेंदिवस साठवले जाते, हा पहिला. मृगाचा पाऊस पडला की उकिरड्याचे आणि उघड्यावरच्या घाणीचे पाणी विहिरीत, हातपंपाच्या ओट्याभोवती आणि फुटक्या पाइपात शिरते, हा दुसरा. याच दिवसांत आमच्या आयाबहिणी निंदणी-खुरपणीला, पुढे कापूस वेचायला, दोंडाईच्याकडे मिरचीच्या पथारीवर मजुरीला जातात. तान्हे लेकरू म्हाताऱ्या आजीजवळ नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. सकाळी सुरू झालेली हगवण आईला संध्याकाळी कळते. तोवर दहा तास निघून गेलेले असतात. म्हणून शोषाच्या खुणा फक्त आईला माहीत असून भागणार नाही. त्या आजीला आणि त्या बहिणीलाही माहीत असल्या पाहिजेत.

दहा तासांना एवढे महत्त्व का, हे आधी समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या वजनात सुमारे साठ टक्के पाणी असते, तान्ह्या बाळात ते सत्तर ते पंच्याहत्तर टक्के असते. बाळाला मागून पिता येत नाही. आणि हिशेब बघा. पाच किलोच्या लेकराच्या अंगातून पाव लिटर पाणी गेले की वजनाच्या पाच टक्के गेले, म्हणजे शोष सुरू झाला. अर्धा लिटर गेले की दहा टक्के गेले आणि लेकराच्या जिवाला थेट धोका उत्पन्न झाला. अर्धा लिटर म्हणजे एक तांब्यासुद्धा नव्हे. पाच-सहा पातळ जुलाब आणि दोन-चार उलट्या एवढे पाणी सहज घेऊन जातात. मोठा माणूस दोन दिवस हगवण सोसून चौथ्या दिवशी कामावर जातो, म्हणून लेकरूही सोसेल, हा हिशेबच चुकीचा आहे.

आता खुणा. पहिली खूण लंगोटात. सहा-आठ तासांत बाळाने शू केली नाही, किंवा केली ती थोडी आणि गडद पिवळी, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. दुसरी तोंडात. जीभ आणि ओठ कोरडे, लाळ चिकट, आणि दोन-तीन महिन्यांपुढचे बाळ रडले तरी डोळ्यांत पाणी नाही. तिसरी टाळूवर. बाळ शांत असताना, उभे धरून, डोक्यावरची मऊ टाळू पाहावी. ती खोल खड्ड्यासारखी गेली असेल तर शोष आहे. चौथी डोळ्यांत. डोळे आत गेलेले दिसतात. ते नेहमीच तसे आहेत की आजच गेले, हे आईलाच विचारावे; तिच्याइतके कोणी ओळखत नाही. पाचवी पोटाच्या कातडीत. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध कातडी दोन बोटांच्या चिमटीत उभी धरून सोडावी. निरोगी बाळाची कातडी तत्काळ सपाट होते. ती हळूहळू बसत असेल तर शोष आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ घेत असेल तर शोष भारी आहे. कुपोषित लेकरात मात्र ही चिमटीची खूण फसवते, कारण त्याची कातडी आधीच सैल असते. तिथे बाकीच्या खुणांवर आणि बाळाच्या वागण्यावर भर द्यावा.

आणि वागणे हीच सर्वांत मोठी खूण. किरकिरे झालेले, चमचा दिसताच अधाशासारखे पिणारे बाळ शोषाच्या पहिल्या पायरीवर आहे. त्याला लगेच पाजायला घ्यावे आणि आरोग्य केंद्रात दाखवावे. पण हाक मारूनही नीट न जागणारे, लुळे पडलेले, अंगावर न ओढणारे, चमच्याने दिलेले न गिळणारे बाळ घरी ठेवायचे नाही. शीमध्ये रक्त, ताप, झटके, प्रत्येक घोट उलटून पडणे, हात-पाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तरी तेच. "निजले आहे, निजू द्या" असे म्हणून पुष्कळ घरांत ही शेवटची वेळ वाया जाते. शांत झालेले आजारी लेकरू बरे झालेले असेलच असे नाही. १०८ ला फोन करावा, आणि वाटेत बाळ गिळत असेल तर चमचा-चमचा पाजत राहावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पातळ जुलाब लागले तर खुणांची वाट न पाहता, अंगावर पाजत पाजत दवाखाना गाठावा.

उपाय काय? अंगावरचे दूध एक वेळही बंद करायचे नाही, उलट वारंवार पाजायचे. त्याच्या जोडीला जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसची पुडी. ही आशाताईकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात मोफत मिळते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ढवळू नये. घरात माप नसेल तर पाण्याची एक लिटरची बाटली हेच माप. पाणी उकळून गार केलेले असावे. केलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. प्रत्येक पातळ शीनंतर दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला पन्नास ते शंभर मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पुडी नसेल आणि सहा महिन्यांपुढचे मूल असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर घात होतो, म्हणून करून झाल्यावर चाखावे. अश्रूंपेक्षा खारट नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घरगुती मिश्रण न देता अंगावर पाजत पुडी मिळवावी. सोबत जस्ताची म्हणजे झिंकची गोळी चौदा दिवस : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज दहा मिलिग्रॅम, त्यापुढे वीस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून गोळी बंद करू नये. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा भात, वरण, खिचडी चालूच ठेवावी.

आता आपल्याच घरातल्या समजुतींकडे येऊ. "पानी नको पाजू, हागवन वाढी" हे अहिराणी वाक्य खेड्यात आजही ऐकू येते. पाणी बंद केल्याने शी कमी दिसते हे खरे, पण ती हगवण थांबल्यामुळे नव्हे. अंगात टाकायला पाणीच उरले नाही म्हणून. दात येताहेत म्हणून जुलाब, असे म्हणून दिवस काढले जातात. टाळू पडली म्हणून तिच्यावर तेल थापले जाते, कोणी तोंडात बोट घालून ती 'उचलतो'. टाळू हे पाण्याचे मोजमाप आहे; विहिरीचे पाणी खोल गेले म्हणून कोणी काठावर तेल ओतत नाही. दृष्ट काढणे आणि भगताकडे नेणे यात जीव वाचवणारे चार तास जातात. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणे गुन्हा ठरवले. हगवणीच्या लेकराला रोखण्याचा तिथे तसा उल्लेख नाही. कायदा तिथवर पोहोचेल तेव्हा पोहोचेल. समाजाने त्याची वाट पाहू नये.

समजुती जुन्या तशा नव्याही आहेत. सलाईन लावले नाही तर डॉक्टर कसला, ही त्यांतली सर्वांत महागडी. भारी शोष असेल, लेकरू गिळत नसेल, तर शिरेतून सलाईन हवेच, त्याला पर्याय नाही. पण गिळणाऱ्या, जाग्या लेकराला पुडीचे पाणी सलाईनइतकेच काम देते. तरीही मजूर बाप व्याजाने पैसे काढतो, बाटली टांगलेली पाहून त्याचे समाधान होते, आणि घरी आल्यावर लेकराला पुन्हा पाणी बंद! दुसऱ्या बाजूने, पुडी हातात टेकवून "जा घरी" म्हणणाराही चुकतोच. पुडी कशी कालवायची, किती पाजायची, परत केव्हा यायचे, हे सांगितले नाही तर तो उपचार नव्हे, बोळवण आहे.

पुडीचे सामर्थ्य ज्यांना पटत नाही त्यांनी १९७१ सालचे बनगाव आठवावे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली होती, माणसे जमिनीवर पडलेली होती आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावले. तीसच्या घरातले मृत्यूचे शेकडा प्रमाण चारच्या खाली आले. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, लुगड्याच्या पदराने घाम पुसणाऱ्या निर्वासित बायांचे होते, हे आपण लक्षात घ्यावे. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. या उपायाचे शास्त्रही साधे आहे. आतड्याला साखर योग्य प्रमाणात मिळाली की तिच्यासोबत मीठ आत शोषले जाते आणि मिठामागे पाणी जाते. हगवण चालू असतानाही हा दरवाजा उघडा असतो. साखर फार झाली तर मात्र उलटे होते, आतडेच अंगातले पाणी खेचते. म्हणून शीतपेय, डब्यातला रस, गोड चहा हे जलसंजीवनीला पर्याय नाहीत.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत बायका पाठवल्या. त्या ओट्यावर बसून आईच्या हातून मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी कालवून घेत. नंतर तपासनीस येऊन आईच्या ध्यानात किती राहिले ते पाही, आणि त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. पत्रके वाटली, बॅनर लावला, फोटो काढला, म्हणजे काम झाले असे तिथे धरले नाही. आमच्या सरकारी पंधरवड्यांनी आणि आमच्या आरोग्य शिबिरांनीही यातून शिकण्यासारखे आहे. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हगवण झालेल्या मुलांपैकी सुमारे साठ टक्क्यांनाच ओआरएस मिळाल्याचे आणि जस्त जेमतेम तीस टक्क्यांना मिळाल्याचे आढळले. जगात आजही वर्षाला पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुले हगवणीने मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध सापडून पन्नास वर्षे उलटली. ते ज्याला हवे त्याच्या घरी पोहोचले नाही.

जिथे सरकार पोहोचत नाही तिथे बाजार पोहोचतो. ओआरएस हे नाव छापलेली, पण त्या प्रमाणात न बसणारी, भरपूर साखरेची गोड पेये औषधाच्या दुकानांतून वर्षानुवर्षे विकली गेली. मागायला गेलेल्या अडाणी बापाच्या हाती पुडीऐवजी रंगीत डबी आली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकाकी झुंज दिली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. एका बाईने चिकाटीने केलेली ही कायद्याची लढाई आहे आणि तिचा धडा आमच्यासारख्या वकिलांनीही घ्यावा. वाचकांनी एवढेच करावे : पुडी घेताना तीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि पिण्यास तयार गोड डबी परत करावी. दुधाच्या बाटलीचेही तसेच. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या आणि डब्याच्या दुधाची जाहिरात बंद केली आहे. बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही आणि हगवण तिथूनच घरात शिरते. वाटी-चमचा कधीही बरा.

लेकरू गेल्यावर कागद घेऊन येणारे पालक वकिलांना नवे नाहीत. पण कायदा फक्त मृत्यूनंतर वापरायचा नसतो. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, सरकारी दवाखान्याने तातडीचा उपचार नाकारणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. सुभाषकुमार खटल्यात १९९१ मध्ये दूषणमुक्त पाणी हेही त्याच हक्कात धरले गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील पाण्याचा साठा घाण करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी मागितलेला पाण्याचा हक्क वस्तीला नळ आला म्हणून पुरा होत नाही. नळातून येणारे पाणी लेकराला पाजण्यायोग्य असेल तेव्हा तो पुरा होतो. तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज लेकरू आजारी पडण्याआधी करा. आमच्या उपकेंद्रात ओआरएस आणि जस्ताचा साठा किती, मागील सहा महिन्यांत किती दिवस तो शून्य होता, वस्तीच्या पाण्याचे नमुने कधी तपासले, निकाल काय आला, टीसीएल पावडर कधी टाकली, गावाला हिरवे कार्ड आहे की लाल? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि अर्ज आला की पुष्कळदा साठाही येतो!

राहिला प्रश्न मजूर आईचा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी मांडली. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार तिने एकटीने वाहू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. जवळपास शंभर वर्षे झाली. शेतात राबणाऱ्या आईला मजुरी न बुडवता लेकराला पाजण्याची सोय अजूनही नाही. बांधावर झोळी आणि सावली, दर दोन तासांनी पाजण्याची सुट्टी, एवढी मागणी तरी आपल्या मजूर संघटनांनी मजुरीच्या दरासोबत मांडलीच पाहिजे.

चळवळीने स्वतः काय करावे? बाबासाहेब आणि रमाई यांनी रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गमावली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. त्या घराचे दुःख आपण भाषणात सांगतो, पण शेजारच्या घरात तेच घडताना पाहतो. हगवणीने लोळत पडलेल्या, सहकाऱ्यांनी टाकलेल्या भिक्खूला स्वतः बुद्धाने आनंदाच्या मदतीने आंघोळ घातली, ही विनयपिटकातली कथा विहारात सांगतो, आणि त्याच विहारात ओआरएसची एक पुडी नसते. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यात न्यायालयाच्या कामासाठी आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या दिवशी शिंदखेड्यातूनही माणसे लेकराबाळांसह तिथे जातात. तो ऐन हगवणीचा हंगाम. त्या दिवशी तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी पुडी कालवून दाखवणारा एक टेबल का नसावा?

आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक विहारात वीस पुड्या, एक लिटरचे माप आणि आशाताईचा फोन नंबर भिंतीवर. प्रत्येक वस्तीत दोन बाया अशा, की ज्या पाच खुणा तोंडपाठ सांगतील आणि दुसऱ्या बाईकडून पुडी कालवून घेतील. दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे ही उजळणी. महिनाभराने घरी जाऊन तपासणी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणारी रोटाव्हायरसची मोफत लस आपल्या वस्तीतल्या प्रत्येक बाळाला मिळाली की नाही याची वही. शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात. याला ना वर्गणी लागते, ना परवानगी.

वस्तीत पुढच्या पावसाळ्यात लेकरांना हगवण लागणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पाणी सुधारेपर्यंत ती लागेल. पण हगवण लागलेले लेकरू पाण्यावाचून मरणार नाही, एवढे वचन एक वस्ती दुसऱ्या कोणाच्या मेहेरबानीशिवाय स्वतःला देऊ शकते. ते दिले पाहिजे, आणि पाळले पाहिजे.